दुरुस्तीनंतर लॅपटॉपच्या बिनतारी जोडणीत उद्भवणारे बिघाड : मुंबई उपनगरांच्या संदर्भात कारणे व तपासणीची पद्धत

गोषवारा

लॅपटॉपची स्क्रीन, बिजागरी, कळफलक किंवा मदरबोर्ड दुरुस्त करून आणल्यानंतर त्याची वाय-फाय जोडणी क्षीण होणे अथवा पूर्णतः नाहीशी होणे ही अध्यापकवर्गाला वारंवार भेडसावणारी अडचण आहे. तिचा दोष बहुधा राउटर, इंटरनेट सेवा पुरविणारी कंपनी किंवा संगणकप्रणाली यांच्यावर टाकला जातो आणि त्यातून प्रणाली नव्याने बसविण्यासारखे अनावश्यक व धोक्याचे उपाय योजले जातात. दुरुस्तीच्या वेळी ज्या भागाला हात लागला त्याच भागापासून तपासणीस आरंभ करावा, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. उपनगरांतील दाट वस्तीमुळे उपलब्ध होणाऱ्या एका सोप्या मापनपद्धतीचाही परिचय करून दिला आहे.

बीजसंज्ञा : लॅपटॉप दुरुस्ती, वाय-फाय, ॲन्टेना, डेसिबेल, मॅक क्रमांक, मुंबई उपनगरे.

१. प्रश्नाचे स्वरूप

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून महाविद्यालयात ये-जा करणाऱ्या अध्यापकाचा लॅपटॉप हा बैठ्या कामाचा संगणक राहिलेला नाही. सकाळच्या गर्दीत लोकलच्या डब्यात छातीशी धरलेल्या पिशवीवर चारी बाजूंनी दाब येतो. झाकणाची बिजागरी सैल होणे, तिचे स्क्रू प्लॅस्टिकमधून उपटून येणे, स्क्रीनला तडा जाणे हे त्याचे स्वाभाविक परिणाम होत. स्थानकाजवळच्या एखाद्या दुकानात अथवा थोडी सवड काढून लॅमिंग्टन रोडवर यंत्र दुरुस्तीस दिले जाते. दोन दिवसांनी ते परत मिळते, स्क्रीन उजळते, बिजागरी घट्ट बसलेली असते. दुरुस्तीकार समोरच वाय-फाय जोडून एखादे संकेतस्थळ उघडून दाखवितो आणि अध्यापक समाधानाने घरी परततो.

घरी मात्र जोडणी तुटत राहते. बैठकीच्या खोलीत राउटरजवळ यंत्र चालते, अभ्यासाच्या टेबलावर चालत नाही. दुकानात तक्रार केली असता ‘येथे तर चालत होते, तुमच्या राउटरचा प्रश्न असेल’ असे उत्तर मिळते. त्याच टेबलावर मोबाइल विनातक्रार चालत असल्याने ग्राहकाला हे उत्तर उडवाउडवीचे वाटते. पुढे कोणीतरी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला देतो. त्या खटाटोपात प्रश्नपत्रिकांचे मसुदे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रबंधाची प्रकरणे यांपैकी काहीतरी हरवते. जोडणी होती तशीच क्षीण राहते.

या वादात दुरुस्तीकार आणि ग्राहक हे दोघेही बहुतेक वेळा खरेच बोलत असतात, ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुकानात यंत्र खरोखरच चालत होते आणि घरी ते खरोखरच चालत नाही. या दोन सत्यांचा मेळ कसा बसतो हे समजले की अर्धे निदान झालेले असते.

२. यंत्रणेची रचना

वाय-फायचे पहिले प्रमाणक १९९७ मध्ये निश्चित झाले आणि २००३ मध्ये इंटेल कंपनीने सेन्ट्रिनो ही संच-योजना बाजारात आणल्यानंतर लॅपटॉपमध्ये बिनतारी जोडणी अंगभूत असणे ही सर्वसामान्य बाब झाली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. घरोघरी राउटर बसविण्याचा मार्ग त्यानंतरच खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

लॅपटॉपमधील या यंत्रणेचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांपासून बरेच दूर असतात. पहिला भाग म्हणजे मदरबोर्डवर बसविलेले छोटे वाय-फाय कार्ड. दुसरा भाग म्हणजे ॲन्टेना. अनेक लॅपटॉपमध्ये ॲन्टेना खालच्या भागात नसून झाकणात, स्क्रीनच्या कडेने बसविलेले असतात, कारण उघडलेल्या झाकणाची वरची कड ही लहरी घेण्यास सर्वांत मोकळी जागा असते. कार्ड व ॲन्टेना यांना जोडणाऱ्या दोन बारीक तारा बिजागरीच्या पोकळीतून वळण घेत जातात. बिजागरी, स्क्रीन किंवा झाकण यांपैकी कशाचीही दुरुस्ती या तारांना स्पर्श केल्याखेरीज होणे कठीण असते. मदरबोर्ड बाहेर काढावयाचा असल्यास तर त्या सोडवाव्याच लागतात.

या तारा कार्डावर ज्या गोल जोडांनी बसतात ते अवघ्या दोन मिलिमीटरच्या आसपासचे असतात आणि नव्या कार्डांवर त्याहूनही लहान. बटणाप्रमाणे ते सरळ खाली दाबून बसवावयाचे असतात. जोड किंचित तिरका बसला तरी वरून पाहणाऱ्याला तो बसल्यासारखाच दिसतो. हिरोसे या जपानी कंपनीने आपल्या यू.एफएल प्रकारच्या जोडासाठी ३० वेळा काढण्या-घालण्याचीच मर्यादा सांगितली आहे. ज्या यंत्राची दुरुस्ती अनेकदा झाली आहे त्यात जोडाची पकड आधीच सैल झालेली असण्याचा संभव असतो.

ॲन्टेना सुटला म्हणजे वाय-फाय बंद पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कार्डावरचा उघडा जोड हाच एक अत्यंत निकृष्ट ॲन्टेना म्हणून काम करीत राहतो आणि जवळच्या राउटरचे संकेत त्याला ऐकू येतात. दुकानातील ‘चालते’ आणि घरातील ‘चालत नाही’ यांचे मूळ येथे आहे.

३. दुकानातील चाचणी फसवी का ठरते

संकेताची शक्ती डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप गुणाकाराचे आहे, बेरजेचे नव्हे. शक्ती ३ डेसिबेलने घटली म्हणजे निम्मी झाली, १० ने घटली म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० ने घटली म्हणजे शंभरावा आणि ३० ने घटली म्हणजे हजारावा हिस्सा उरला. एक मिलिवॅटच्या तुलनेत व्यक्त केलेल्या मापाला डीबीएम म्हणतात आणि लॅपटॉपकडे पोहोचणारा संकेत नेहमी ऋण आकड्यात असतो. उणे ५० हा उत्तम, उणे ६७ च्या आसपास समाधानकारक, तर उणे ८० च्या खाली गेलेला संकेत व्याख्यानाचे थेट प्रक्षेपण करण्यास निरुपयोगी समजावा.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहता येईल. राउटर १०० मिलिवॅट शक्तीने, म्हणजे २० डीबीएमने प्रक्षेपण करीत आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एक मीटर मोकळ्या अंतरात सुमारे ४० डेसिबेलची घट होते. अर्थात दुकानाच्या टेबलावर, राउटरपासून मीटरभर अंतरावर, सुस्थितीतील लॅपटॉपला उणे २० डीबीएम संकेत मिळेल. ॲन्टेनाची तार सुटल्यामुळे ३० डेसिबेलची घट झाली असे धरल्यास तो उणे ५० होईल. विंडोज प्रणाली उणे १०० ला शून्य टक्के आणि उणे ५० व त्यावरील सर्व संकेतांना १०० टक्के असे दाखविते. म्हणजे संकेताचा हजारावा हिस्सा शिल्लक राहिलेला असतानाही दुकानातील स्क्रीनवर वाय-फायच्या सर्व रेषा भरलेल्या दिसतात.

आता घराचा विचार करावा. टेबल राउटरपासून दहा मीटरवर आहे. अंतरामुळे आणखी २० डेसिबेल घट. मध्ये विटांच्या दोन भिंती आहेत; प्रत्येकी १० डेसिबेल धरल्यास पुन्हा २०. सुस्थितीतील यंत्राला उणे ६०, म्हणजे ८० टक्के संकेत मिळतो आणि काम सुरळीत चालते. तार सुटलेल्या यंत्राला त्याच जागी उणे ९० मिळतो, म्हणजे २० टक्के. जोडणी होते, तुटते, पुन्हा होते. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सळई घातलेल्या काँक्रीटच्या भिंती विटांच्या भिंतींपेक्षा अधिक घट करतात. तेथे हाच दोष अधिक तीव्रतेने जाणवतो.

या हिशेबातील आकडे प्रत्येक घरी निराळे येतील. परंतु टक्केवारीची फसवणूक सर्वत्र सारखीच आहे. १०० वरून ६० टक्क्यांवर आलेला संकेत ‘थोडा कमी’ वाटतो. प्रत्यक्षात तो किमान शंभरपटीने घटलेला असतो.

४. शेजाऱ्यांची यादी : एक विनामूल्य मापनयंत्र

संकेत मोजण्याची विशेष उपकरणे महाविद्यालयांकडे क्वचितच असतात. उपनगरांतील दाट वस्तीने मात्र एक सोय आपोआप करून ठेवली आहे. सोसायटीच्या कोणत्याही मधल्या मजल्यावर वाय-फायची यादी उघडली असता वरच्या, खालच्या, शेजारच्या आणि समोरच्या इमारतीतल्या राउटरांची नावे दिसतात. एरवी ही गर्दी उपद्रवच होय, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच असल्याने एवढ्या राउटरांना त्या वाटून घ्याव्या लागतात. निदानासाठी हीच गर्दी उपयोगी पडते. त्या यादीत बलवान संकेतापासून जेमतेम ऐकू येणाऱ्या संकेतापर्यंत सर्व पायऱ्या असतात, आणि लॅपटॉपची श्रवणशक्ती घटली की तळच्या पायऱ्या प्रथम नाहीशा होतात.

पद्धत अशी : मोबाइल व लॅपटॉप एकाच टेबलावर शेजारी ठेवावेत, एक-दोन मिनिटे थांबून दोन्हींवरील यादीतील नावे मोजावीत. मोबाइलवर पंचवीस नावे आणि लॅपटॉपवर तीनच, त्यांतले एक स्वतःचे व दोन लगतच्या घरांचे, अशी स्थिती असेल तर दोष राउटरमध्ये नाही आणि सेवा देणाऱ्या कंपनीतही नाही, हे निर्विवाद ठरते. दोन्ही यंत्रांवर साधारण सारखीच नावे दिसत असतील तर ॲन्टेना सुस्थितीत असून कारण अन्यत्र शोधावे लागेल. तुलना करताना एक पथ्य पाळावे. मोबाइल ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारा आणि लॅपटॉप केवळ २.४ चा असेल तर यादी मुळातच आखूड असणार.

यादीला आकड्यांची जोड द्यावयाची असल्यास विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा लॅटिन अक्षरांत टंकित करावी. संकेताची टक्केवारी, वाहिनी आणि जोडणीचा वेग दिसतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या आज्ञेस स्थान-सेवेची परवानगी लागते. ती नसल्यास आज्ञा नाकारली जाते. त्यावरून कार्ड बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये.

आज्ञा पुन्हा पुन्हा देत झाकणाचा कोन बदलून पाहणे ही यानंतरची चाचणी. झाकण सरळ असताना ७० टक्के आणि थोडे मागे झुकविताच ३० टक्के असा फरक सातत्याने पडत असेल, तर तार बिजागरीत चिमटली आहे अथवा तुटण्याच्या बेतात आहे. इतक्या साध्या चाचणीने इतके निश्चित उत्तर मिळण्याचे प्रसंग दुरुस्तीच्या क्षेत्रात थोडे आहेत.

अंधेरी परिसरासाठी एक सूचना. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे वेरावली येथील डॉप्लर रडार जानेवारी २०२२ मध्ये कार्यान्वित झाले आणि ते सी-बँड प्रकारचे आहे. या प्रकारची हवामान-रडारे सामान्यतः वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या मध्यभागी काम करतात. रडारचा संकेत आढळताच वाहिनी सोडून देण्याची व्यवस्था अनेक राउटरांत असते. अशा वेळी राउटरचे नाव क्षणभर नाहीसे होऊन पुन्हा उमटू शकते. हा प्रकार घरातील सर्वच उपकरणांवर एकाच वेळी होईल. केवळ दुरुस्त केलेल्या लॅपटॉपवर होत असेल तर रडारला दोष देऊ नये.

५. हात कोठे लागला?

तपासणीचा क्रम संगणकशास्त्राच्या पुस्तकातून घेण्यापेक्षा दुरुस्तीच्या पावतीवरून घेणे अधिक फलदायी ठरते. यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी जोडणी ठीक होती, नंतर बिघडली. मधल्या काळात जे बदलले त्यावर पहिला संशय घेणे तर्कशुद्ध आहे.

बिजागरी वा स्क्रीन बदलली असेल तर तारांचा विचार वर आला आहे. झाकणाचा मागचा पत्रा बदलला असेल तर आणखी एक शक्यता असते. बाजारात मिळणारे जुने झाकण त्याच मालिकेतील स्वस्त प्रतिमानाचे असू शकते आणि त्यात दोनऐवजी एकच ॲन्टेना असतो किंवा मुळीच नसतो. धातूच्या झाकणात ॲन्टेना ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे बसतो, तेथे दुरुस्तीकाराने स्क्रीन घट्ट बसावी म्हणून धातूची चिकटपट्टी लावली असेल तर लहरींची वाटच बंद होते.

कळफलक किंवा त्याभोवतीचा वरचा भाग बदलला असेल तर ॲन्टेनाकडे जाण्याआधी वाय-फाय चालू-बंद करणारी कळ पाहावी. जुन्या यंत्रांवर कडेला सरकते बटण असे. ते दुरुस्तीच्या वेळी नकळत सरकलेले असते आणि यंत्र महिनोन्‌महिने ‘बिघडलेले’ राहते. नव्या यंत्रांत विमान-स्थितीची कळ हेच काम करते.

मदरबोर्ड किंवा कार्ड बदलले असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून वायरलेस कार्डाचे नाव तेथे आहे की नाही हे प्रथम पाहावे. या एका निरीक्षणाने प्रश्नाचे दोन भाग होतात. नाव आहे आणि संकेत क्षीण आहे, तर ॲन्टेना. नावच नाही, तर कार्ड खाचेत नीट बसलेले नाही, यंत्राला ते मान्य नाही किंवा बायोसमध्ये ते बंद केलेले आहे. ब्लूटूथची स्थिती येथे उपयोगी साक्ष देते. अनेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असले तरी त्यांचे मदरबोर्डशी दळणवळण वेगवेगळ्या मार्गांनी होते. दोन्ही एकदम नाहीसे झाले असतील तर कार्ड निखळले असण्याचा संभव अधिक. ब्लूटूथ चालू आणि वाय-फाय बंद असेल तर ड्रायव्हरकडे किंवा खाचेच्या एखाद्या संपर्काकडे पाहावे.

यंत्राला कार्ड ‘मान्य नसणे’ म्हणजे काय, याचे स्पष्टीकरण आवश्यक आहे. काही कंपन्यांनी आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ठरावीक कार्डेच स्वीकारण्याची यादी बायोसमध्ये घातली होती. जुन्या थिंकपॅड यंत्रांत अनधिकृत कार्ड बसविल्यास १८०२ क्रमांकाची सूचना दाखवून यंत्र सुरूच होत नसे. अलीकडचा प्रकार निराळा आहे. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डे दिसण्यात जुळी. खाचेतही दोन्ही बसतात. परंतु एएक्स२०१ मध्ये अर्धेच काम कार्डावर होते, उरलेले अर्धे इंटेलच्या ठरावीक संचांतील प्रक्रियक-भाग करतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते बसविले तर काहीही घडत नाही. दुकानदाराने फसविले असे येथे म्हणता येत नाही. एका अंकाचा फरक त्याच्याही नजरेतून सुटलेला असतो.

परदेशातून आलेल्या वापरलेल्या यंत्रांतील कार्डांचीही एक खोड आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १३ व्या वाहिनीपर्यंत वापर करता येतो, तर अमेरिकी बाजारासाठी बनविलेली अनेक कार्डे १२ व १३ या वाहिन्या ऐकतच नाहीत. घरचा राउटर १३ व्या वाहिनीवर असल्यास शेजाऱ्यांची सर्व नावे दिसतात, फक्त स्वतःचे दिसत नाही. राउटरची वाहिनी ११ करताच प्रश्न सुटतो.

दुरुस्तीत प्रणालीच नव्याने बसविली गेली असेल तर एक विचित्र कोंडी निर्माण होते : वाय-फायचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून त्यावरील यूएसबी टेदरिंग सुरू केल्यास लॅपटॉपला ती तारेची जोडणी वाटते आणि ड्रायव्हर उतरवून घेता येतो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका ठिकाणी’ देणाऱ्या कार्यक्रमांपासून दूर राहणेच श्रेयस्कर.

पावसाचे पाणी गेलेले यंत्र हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नमूद करणे पुरे की, जोडावर हिरवट थर दिसत असेल तर तार पुन्हा दाबून काही साधत नाही. जोड स्वच्छ करावा लागतो अथवा तारच बदलावी लागते.

६. घरी चालते, महाविद्यालयात नाही

येथवर विचारात घेतलेले दोष लहरींचे होते. आणखी एका वर्गात लहरींचा काहीच संबंध नसतो. घरी जोडणी उत्तम, परंतु महाविद्यालयाच्या जाळ्यात यंत्राला प्रवेश नाकारला जातो. याचे कारण बहुधा मॅक क्रमांकात असते. प्रत्येक वायरलेस कार्डाला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो आणि अनेक संस्था आपल्या जाळ्यात नोंदविलेल्या क्रमांकांनाच प्रवेश देतात. कार्ड बदलले की क्रमांक बदलला. संगणककक्षाच्या दृष्टीने ते यंत्र अनोळखी झाले. मदरबोर्ड बदलूनही जुने कार्ड कायम ठेवले असेल तर क्रमांक तोच राहतो. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये मात्र कार्ड मदरबोर्डवरच झाळलेले असते, तेथे बोर्डाबरोबर क्रमांकही जातो.

ही नोंदणी अनेक अध्यापकांना जाचक वाटते. मुंबईत तिच्या मागे असलेली पार्श्वभूमी विसरता येणार नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठविलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या असुरक्षित वाय-फायमधून गेल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतरच्या महिन्यात तशाच एका ई-मेलचा माग माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यापर्यंत आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत पोहोचला. त्या घरातील, महाविद्यालयातील अथवा कंपनीतील लोकांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांची दारे तेवढी उघडी होती. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी सेवापुरवठादारांना सूचना दिल्या. दुरुस्तीनंतर संगणककक्षात जाऊन नवा क्रमांक नोंदविण्याची तसदी या दृष्टीने पाहिल्यास फारशी मोठी नाही. मॅक क्रमांक बनावट करता येतो, त्यामुळे केवळ त्याच्या नोंदणीवर विसंबणारी व्यवस्था पुरेशी सुरक्षित नाही, हा आक्षेप मात्र योग्यच आहे.

विंडोजच्या मांडणीत ‘यादृच्छिक हार्डवेअर पत्ता’ असा एक पर्याय असतो. तो सुरू असल्यास खरा क्रमांक नोंदवूनही प्रवेश मिळत नाही. महाविद्यालयाच्या जाळ्यापुरता तो बंद ठेवावा.

तिसरे कारण इतके क्षुल्लक आहे की ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दुरुस्तीच्या वेळी बॅटरी सोडविल्याने यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे जाऊ शकते. वाय-फायच्या रेषा पूर्ण असतात, परंतु बँकेचे, विद्यापीठाचे, ई-मेलचे कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. त्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे विशिष्ट मुदतीचीच असतात आणि मागे गेलेल्या घड्याळाच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. दिनांक दुरुस्त केला की सर्व काही पूर्ववत होते.

७. यंत्र देण्यापूर्वी आणि घेताना

मदरबोर्ड बदलला जाण्याची शक्यता असल्यास सर्वाधिक महत्त्वाची गोष्ट वाय-फाय नसून माहिती ही आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध केलेली असते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा-घटकाशी बांधलेली असते. बोर्ड बदलल्यावर यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक मागते. तो आधीच शोधून कागदावर लिहून ठेवला नसेल तर डिस्क शाबूत असूनही आतील काम हाती लागत नाही. प्रत काढून ठेवणे हा त्याहूनही साधा उपाय आहे आणि तो सर्वांना माहीत असूनच केला जात नाही.

त्याबरोबर मॅक क्रमांक, डिव्हाइस मॅनेजरमधील कार्डाचे पूर्ण नाव आणि नेहमीच्या टेबलावरून दिसणाऱ्या वाय-फाय यादीचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. पाच मिनिटांच्या या कामामुळे पुढचा वाद आठवणींवर न चालता पुराव्यावर चालतो.

यंत्र परत घेताना दुकानाच्या राउटरवर चाचणी घेण्यास हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून तो सोबत्याजवळ द्यावा व त्याला दुकानाबाहेर पंधरा-वीस पावले चालत जाण्यास सांगावे. सुस्थितीतील लॅपटॉप एवढ्या अंतरावर जोडणी सोडत नाही. हेही शक्य नसेल तर दुकानातच मोबाइल आणि लॅपटॉप यांच्या याद्या शेजारी ठेवून मोजाव्यात. स्थानकाजवळच्या बाजारपेठेत नावांची उणीव नसते.

दोष आढळल्यास यंत्र स्वतः उघडण्याचा मोह टाळणे बरे. जोड सरळ दाबणे हे काम सवयीच्या हाताला दहा मिनिटांचे आहे, अननुभवी हाताने मात्र जोडाचा खालचा भाग कार्डावरून उखडला जातो आणि मग कार्डच बदलावे लागते. दुरुस्तीकाराने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. एका निसटलेल्या तारेसाठी तेथवर जाण्याची वेळ सहसा येऊ नये. ‘वाय-फाय चालत नाही’ एवढेच सांगितले तर दुरुस्तीकार पुन्हा आपल्या राउटरवर जोडून दाखवील. त्याऐवजी पावतीच्या मागे लिहून द्यावे : ‘मीटरभर अंतरावर पूर्ण संकेत, दहा मीटरवर वीस टक्के, त्याच जागी मोबाइलवर पंचवीस नावे, लॅपटॉपवर तीन, झाकणाच्या कोनाने फरक पडतो, कार्डावरील दोन्ही तारा आणि बिजागरीतील त्यांचा मार्ग तपासावा.’